तेगेलच्या तुरुंगातील दोन शिष्य

बर्लिन शहराच्या वायव्येस तेगेल नावाचे उपनगर आहे आणि तेथे विटांच्या उंच भिंतींचा एक जुना तुरुंग आहे. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात त्याचा एक भाग जर्मन लष्कराने आपल्या अमलाखाली घेतला होता, आणि ज्यांचे खटले चालू आहेत असे, तसेच खटले संपून ज्यांना मृत्युदंड मुक्रर झाला आहे असे, दोन्ही प्रकारचे कैदी तेथे ठेवले जात. 1943 सालच्या मे महिन्याच्या 4 तारखेपासून ऑगस्टच्या 9 तारखेपर्यंत, म्हणजे सुमारे शंभर दिवस, या एकाच छपराखाली असे दोन पुरुष राहत होते की, त्या शतकातील ख्रिस्ती धर्मविचाराला जो प्रश्न सर्वांत अधिक छळीत होता त्याची दोन भिन्न उत्तरे जणू त्यांच्या रूपाने शेजारी शेजारी कोंडली गेली होती.

पहिला फ्रान्झ येगरस्टेटर, ऑस्ट्रियातील सांक्ट राडेगुंड या खेड्याचा रोमन कॅथलिक शेतकरी. त्याचे शिक्षण गावच्या एकशिक्षकी शाळेत सुरू झाले आणि तेथेच संपले. दुसरा डीट्रिख बोनहोफर, बर्लिनच्या एका नामांकित मनोविकारतज्ज्ञाचा मुलगा, वयाच्या एकविसाव्या वर्षी ईश्वरशास्त्रात डॉक्टरेट मिळविलेला ल्युथरपंथी पाळक. एकाचा जन्म 1907 चा, दुसऱ्याचा 1906 चा. एकाने हिटलरच्या सैन्यात बंदूक धरण्यास नकार दिला. दुसऱ्याने, वर्षानुवर्षे शांततेचा कैवार घेतल्यानंतर, हिटलरच्या हत्येचा कट रचणाऱ्यांशी हातमिळवणी केली. दोघांच्या पत्रांत एकमेकांचे नाव कोठेही येत नाही. मात्र आपण येथवर आलो ते आपल्या प्रभूच्या मागे चालत आलो, याविषयी दोघांच्याही मनात संदेह नव्हता.

ख्रिस्ताच्या शिष्याने शस्त्र धरावे काय, हा प्रश्न नवा नव्हता. इ. स. 295 च्या मार्च महिन्यात उत्तर आफ्रिकेतील तेवेस्ते या गावी रोमन सुभेदारापुढे मॅक्सिमिलियन नावाचा एकवीस वर्षांचा तरुण उभा करण्यात आला. त्याचा बाप स्वतः जुना शिपाई, आणि शिपायाच्या मुलाने शिपाईच व्हावे असा सरकारी दंडक. भरतीची खूण म्हणून गळ्यात घालावयाचा शिशाचा शिक्का त्याने नाकारला, मी ख्रिस्ती आहे एवढेच पुन्हा पुन्हा सांगितले, आणि त्याबद्दल त्याचा शिरच्छेद झाला. पुढे राजसत्ताच ख्रिस्ती झाली, आणि या घटनेला पुरती सव्वाशे वर्षे होण्यापूर्वीच काळ असा फिरला की, रोमन सरकारने मूर्तिपूजकांनाच आपल्या चाकरीतून वगळले. ऑगस्टीनने न्याय्य युद्धाची मीमांसा केली. ल्युथरच्या अनुयायांनी 1530 च्या आपल्या श्रद्धापत्रात न्याय्य युद्धातील शिपाईगिरीस मान्यता दिली. मेनोनाइट आणि क्वेकर यांच्यासारखे अल्पसंख्य पंथ तेवढे शस्त्रत्यागाला चिकटून राहिले. जर्मन शिपायाच्या कमरपट्ट्यावर ‘देव आमच्यासोबत’ अशी अक्षरे कोरलेली असत. अशा देशात, शत्रूवरही प्रीती करा असे सांगणारे येशूचे डोंगरावरील प्रवचन हे देवळात ऐकावयाचे आणि हुकूम हा छावणीत पाळावयाचा, अशी कामाची वाटणी सर्वांच्या इतकी अंगवळणी पडली होती की, तिच्यात काही विसंगती आहे हेच कोणाच्या ध्यानात येत नसे.

फ्रान्झच्या ध्यानात ती आली, आणि त्याच्या पूर्वायुष्यावरून पाहता हे आश्चर्यच म्हटले पाहिजे. तो अनौरस संतती; जन्मदाता बाप पहिल्या महायुद्धात पडला आणि आईने ज्याच्याशी लग्न केले त्या शेतकऱ्याने त्याला आपले नाव दिले. तरुणपणी त्याची ख्याती साधूची नव्हती. गावात पहिली मोटारसायकल त्याने आणली आणि लग्नापूर्वी तो एका मुलीचा बापही झाला होता. 1936 साली फ्रान्झिस्का या शेतकरी कन्येशी त्याचा विवाह झाला, वधूवर रोमची यात्रा करून आले, आणि त्यानंतर नांगर आणि प्रार्थना यांपलीकडे त्याला फारसे जग उरले नाही. पुढे गावच्या देवळाच्या सेवेकऱ्याचे कामही त्याने पत्करले.

1938 च्या मार्च महिन्यात जर्मन फौजा ऑस्ट्रियात शिरल्या, आणि 10 एप्रिलला त्या सामिलीकरणावर लोकांचा कौल घेण्यात आला. ऑस्ट्रियाच्या बिशपांनी अनुकूल मत देण्याविषयी जाहीरनामा काढला होता. सांक्ट राडेगुंडमध्ये एकच प्रतिकूल मत पडले. ते फ्रान्झचे होते. परंतु गावच्या अंमलदारांनी ते दप्तरात येऊच दिले नाही आणि वर कळविले की, गावाचा कौल एकमुखी आहे. हिटलरचे जन्मगाव ब्राउनाऊ हे त्याच जिल्ह्याचे ठाणे. तेव्हा एका शेतकऱ्याच्या विरोधी मताने गावाला काय सोसावे लागेल या भीतीने, आणि थोडे त्याच्याविषयीच्या आपुलकीनेही, त्यांनी ही लबाडी केली असावी. हुकूमशाहीचा खरा आधार फौज नसते, तर अशा सद्हेतूने केलेल्या लहान लहान लबाड्या असतात, याचे यापेक्षा बोलके उदाहरण सापडणे कठीण.

1940 साली त्याला लष्कराचे बोलावणे आले, त्याने कवायतही केली आणि गावप्रमुखाच्या रदबदलीने, शेतीस माणूस हवा या सबबीवर, 1941 च्या एप्रिलमध्ये तो घरी परतला. त्या सहा महिन्यांच्या छावणीत त्याचे मन पक्के झाले. वेडसर आणि अपंग रुग्णांना मारले जात आहे ही वार्ता त्याच्या कानी आली होती. पुढे सुरू झालेली रशियावरील स्वारी ही एका देशाची जमीन लुटण्याची मोहीम आहे असे त्याला स्पष्ट दिसत होते. पुन्हा बोलावणे आल्यास आपण शस्त्र धरणार नाही असे तो उघड बोलू लागला, आणि या बाबतीत खात्री करून घेण्यासाठी लिंट्झला बिशपांच्या भेटीस गेला. बिशपांनी त्याला सांगितले की, युद्ध न्याय्य की अन्याय्य याचा निवाडा करणे हे एका खाजगी गृहस्थाचे काम नव्हे. त्याची जबाबदारी बायकामुलांची. उत्तर शास्त्रास धरून होते. मात्र ज्यांचे ते काम होते असे मानावयाचे, त्यांपैकी कोणीही तो निवाडा करीत नव्हते, ही गोष्ट त्यात आली नव्हती.

1943 च्या फेब्रुवारीत पुन्हा हुकूम आला. मार्चच्या प्रारंभी फ्रान्झ एन्स येथील छावणीत स्वतःहून रुजू झाला आणि तेथे त्याने सांगितले की, आपण लढणार नाही. रुग्णसेवकाचे काम देत असाल तर ते करीन, हेही त्याने पुढे कळविले. ते कोणी मान्य केले नाही. फ्रान्झिस्काने आरंभी त्याचे मन वळविण्याचा प्रयत्न केला होता. पण सारे गाव, नातेवाईक आणि धर्मगुरू त्याच्याशी वाद घालू लागले, तेव्हा आपणही त्यांच्यात सामील झालो तर या माणसाच्या बाजूला कोणीच उरणार नाही, असे तिला वाटले आणि तिने तो नाद सोडून दिला. तिघी मुलींचे एक छायाचित्र तिने काढवून घेतले होते. वडिलांनी लवकर घरी यावे अशा अर्थाची पाटी मुलींच्या हाती आहे, आणि त्यांतील सर्वांत थोरली त्या वेळी सहा वर्षांचीही नव्हती.

आता दुसऱ्या कैद्याकडे वळू. बोनहोफर काही जन्माचा शांततावादी नव्हता. त्याचा थोरला भाऊ वाल्टर 1918 साली रणांगणावर जखमी होऊन वारला होता, आणि तरीही 1929 मध्ये बार्सिलोना येथील जर्मन मंडळीपुढे दिलेल्या एका व्याख्यानात या तरुण पाळकाने राष्ट्रासाठी केलेल्या युद्धाचे समर्थनच केले होते. पालट झाला तो न्यूयॉर्कमध्ये. 1930-31 या वर्षी तेथे शिकत असता झां लासेर हा फ्रेंच पाळक त्याला भेटला. फ्रेंच आणि जर्मन, म्हणजे पिढीजात शत्रू! पहिल्या महायुद्धातील जर्मन शिपायांच्या जीविताचे चित्रण करणारा एक गाजलेला बोलपट दोघांनी मिळून पाहिला, आणि डोंगरावरील प्रवचन हे केवळ मनन करण्यासाठी नसून तंतोतंत पाळण्यासाठी आहे, हा विचार लासेरच्या सहवासात त्याच्या मनात रुजला.

1934 च्या ऑगस्टमध्ये डेन्मार्कच्या फानो बेटावर निरनिराळ्या देशांतील ख्रिस्ती प्रतिनिधींची परिषद भरली असता अठ्ठावीस वर्षांच्या बोनहोफरने तेथे शांततेवर प्रवचन केले. सुरक्षितता आणि शांतता या दोन गोष्टी एक नव्हेत, सुरक्षितता मागणारा मनुष्य मुळात अविश्वासाने वागत असतो, आणि शांतता हे तर एक धाडसच आहे, असा त्याचा एकंदर आशय होता. पूर्वेकडील अख्रिस्ती लोकांकडून आपण लाजविले जावे काय, असा प्रश्नही त्याने श्रोत्यांना टाकला. त्याचा रोख कोणाकडे होता हे सांगावयास नको.

कारण त्याच वर्षीच्या शरद ऋतूत लंडनहून त्याने महात्मा गांधींना पत्र लिहिले होते, आणि चिचेस्टरचे बिशप जॉर्ज बेल यांनी त्याच्यासाठी शिफारसपत्र दिले होते. गांधीजींचे उत्तर नोव्हेंबरच्या पहिल्या तारखेचे, वर्ध्याहून लिहिलेले. या उत्तरात अध्यात्माची चर्चा मुळीच नाही. आहे ती घरच्या वडीलधाऱ्या माणसाने परगावच्या पाहुण्याला लिहावी तशी व्यवहाराची भाषा. तुमच्यापाशी आणि तुमच्या मित्रापाशी येण्याजाण्याचे भाडे असेल आणि येथील खर्चासाठी दरमहा माणशी सुमारे शंभर रुपये भरता येत असतील तर खुशाल या, साधेपणाने राहाल तर याच्या निम्म्यातही भागेल, थंडीच्या दिवसांत आलात तर हवा मानवेल, जेवण शाकाहारी, आणि मी तुरुंगाबाहेर व एका ठिकाणी असलो तर माझ्याजवळ राहाल, नाहीतर आमच्या एखाद्या संस्थेत वा तिच्या आसपास राहण्यात समाधान मानावे लागेल. यजमान तुरुंगात असण्याचा संभव ज्यात इतक्या सहजपणे गृहीत धरला आहे असे आमंत्रण त्या पाळकाला त्याच्या युरोपात कोणी धाडले नसते. परंतु ती वाट त्याला चालावयास मिळाली नाही. हिटलरशाहीला दबून न राहणाऱ्या ‘कबुलीदार मंडळी’ने आपल्या तरुण पाळकांच्या शिक्षणाचे काम त्याच्यावर सोपविले, आणि वर्ध्याऐवजी तो पॉमेरेनियातील फिंकेनवाल्डे येथे गेला. एकत्र राहणे, एकत्र प्रार्थना, एकमेकांपाशी पापांची कबुली असा त्या विद्यालयाचा दिनक्रम काही आश्रमाहून फार निराळा नव्हता. 1937 च्या शरद ऋतूत गेस्टापो या गुप्त पोलिसांनी त्यास टाळे ठोकले. त्याच वर्षी बोनहोफरचा शिष्यत्वावरील ग्रंथ प्रसिद्ध झाला. पश्चात्तापावाचून आणि आज्ञापालनावाचून मिळणारी कृपा ही स्वस्त कृपा, आणि ख्रिस्ती समाजाचा घात तिनेच केला, हे त्याचे प्रतिपादन.

येथपर्यंतचा बोनहोफर आणि सांक्ट राडेगुंडचा शेतकरी यांच्यात अंतर नाही. 1939 च्या जूनमध्ये, लष्कराचे बोलावणे येण्याचा संभव दिसताच, अमेरिकेतील मित्रांनी त्याला न्यूयॉर्कला बोलावून घेतले. तेथे पोटापाण्याची आणि मानाची सोय होती. पण महिना होण्यापूर्वीच तो परत फिरला. देशबांधवांबरोबर या काळाचे दुःख भोगले नाही, तर युद्धानंतर तेथील ख्रिस्ती जीवन उभारण्यात भाग घेण्याचा आपल्याला अधिकार राहणार नाही, असे त्याला वाटले. युरोपात युद्ध भडकण्यास तेव्हा दोन महिनेही उरले नव्हते.

पुढच्या वर्षीचा एक प्रसंग त्याचा मित्र एबरहार्ड बेथगे याने नमूद करून ठेवला आहे. 17 जून 1940 हा दिवस, बाल्टिकच्या किनाऱ्यावरील मेमेल हे गाव, आणि दोघे मित्र एका उपाहारगृहाच्या अंगणात उन्हात बसलेले. ध्वनिक्षेपकावर तुतारी वाजली आणि फ्रान्सने शरणागती पत्करल्याची वार्ता सांगण्यात आली. लोक खुर्च्यांवर चढले, हात पुढे करून गाऊ लागले. बेथगे चक्रावून पाहत राहिला, तो त्याच्या शेजारी बोनहोफरचाही हात सलामीसाठी वर गेलेला! हात वर कर, वेडा झालास काय, असे तो मित्राच्या कानात कुजबुजला, आणि मागाहून त्याने समजावले की, यापुढे आपल्याला फार निराळ्या गोष्टींसाठी जीव धोक्यात घालावयाचा आहे, या सलामीसाठी नव्हे. ज्या लबाडीने सांक्ट राडेगुंडच्या अंमलदारांनी एक मत दडपले, तिची बाह्य आकृती आणि या वर उठलेल्या हाताची आकृती एकच आहे. हेतू वेगळे होते, एवढे म्हणून सुटका करून घेणे सोपे आहे. बोनहोफरने तशी सुटका करून घेतली नाही, हे त्याचे वैशिष्ट्य.

त्याचा मेहुणा हान्स फॉन डोनान्यी हा कायदेपंडित लष्करी हेरखात्यात होता, आणि त्या खात्याच्या आडोशाने हिटलरविरुद्ध कट शिजत होता. बोनहोफर त्या खात्याच्या चाकरीत शिरला. या चाकरीमुळे त्याला रणांगणावर जाणे टळले आणि परदेशप्रवासाचा परवाना मिळाला. 1942 मध्ये स्वीडनमधील सिग्टुना येथे त्याने आपले जुने स्नेही बिशप बेल यांच्या हाती कटवाल्यांची नावे आणि त्यांचा निरोप दिला. ब्रिटिश परराष्ट्रमंत्र्यांनी त्यास उत्तर देण्याचे नाकारले. चौदा जणांना, ज्यांतील बहुतेक ज्यू वंशाचे होते, हेरखात्याचे हस्तक म्हणून कागदोपत्री दाखवून स्वित्झर्लंडला सुखरूप पोहोचविण्याच्या कामातही त्याचा हात होता. एका संध्याकाळी डोनान्यीने त्याला विचारले की, तलवार धरणारे तलवारीनेच नाश पावतील, या वचनाचे काय? बोनहोफरने उत्तर दिले की, ते वचन आपल्यालाही लागू आहे. तो निवाडा आपल्यावर यावयाचाच. पण तो आपल्यावर ओढवून घेणारी माणसे आज हवी आहेत. न्याय्य युद्धाच्या मीमांसकांपासून हा मनुष्य येथे वेगळा पडतो. हत्येला त्याने पुण्य म्हटले नाही, शास्त्राधार शोधून तिचा दोष पुसला नाही. दोष अंगावर घेऊन तो क्षमेची याचना करीत उभा राहिला.

5 एप्रिल 1943 रोजी त्याला अटक झाली. तेगेलमध्ये पहिल्या रात्री दिलेल्या घोंगड्यांना इतकी दुर्गंधी होती की, थंडी असूनही ती अंगावर घेववेनात; सकाळी पावाचा तुकडा कोठडीत भिरकावण्यात आला आणि तो जमिनीवरून उचलून खावा लागला. बर्लिनचा लष्करी कमांडंट हा त्याचा मामा आहे असे कळल्यावर मात्र पहारेकऱ्यांचे वर्तन एकाएकी बदलले, आणि या बदलाची त्याला लाजच वाटली. सप्टेंबरमध्ये जे आरोपपत्र आले त्यात कटाचा उल्लेख नव्हता, कारण तो अद्याप उघडकीस आला नव्हता. आरोप होता लष्करी सेवा चुकवून सैन्यशक्तीचा विध्वंस केल्याचा. सैन्यशक्तीचा विध्वंस याच कलमाखाली, त्याच सर्वोच्च लष्करी न्यायालयाने, 6 जुलै रोजी फ्रान्झ येगरस्टेटरला मृत्युदंड सांगितला होता. कायद्याच्या दृष्टीने शेतकरी आणि पंडित यांच्यात फरक नव्हता.

निकालानंतर फ्रान्झच्या हातांत बेड्या पडल्या, आणि बेड्या घातलेल्या हातांनी त्याने आपले अखेरचे कागद लिहिले. जुलैच्या मध्यास फ्रान्झिस्का गावच्या धर्मगुरूंसह बर्लिनला आली. भेट वीस मिनिटांची. वकिलाची, धर्मगुरूंची आणि पहारेकऱ्यांची देखील इच्छा होती की, याने आपला नकार मागे घ्यावा. 9 ऑगस्टला त्याला ब्रांडेनबुर्गच्या तुरुंगात नेले. तेथील धर्मगुरूंनी पुढे सांगितले की, कोठडीतील मेजावर एक कागद पडला होता; त्यावर सही केली असती तर जीव वाचला असता; त्याने तो बाजूस सारला. दुपारी चार वाजता त्याचा शिरच्छेद झाला.

बोनहोफरपुढेही असा कागद आला, निराळ्या स्वरूपात. 20 जुलै 1944 चा बॉम्ब हिटलरला मारू शकला नाही, कटाचे दप्तर गेस्टापोच्या हाती लागले, आणि तेगेलमधील एका पहारेकऱ्याने त्याला पळवून नेण्याची तयारी केली. कामगाराचा पोशाख आणि शिधापत्रिका यांची व्यवस्थाही झाली होती. इतक्यात भाऊ क्लाउस पकडला गेला. आपण पळालो तर सूड घरच्यांवर उगवला जाईल हे ध्यानात घेऊन त्याने बेत सोडून दिला. 9 एप्रिल 1945 रोजी फ्लोसेनबुर्गच्या छळछावणीत त्याला फाशी देण्यात आले. युद्ध संपण्यास महिनाच उरला होता.

या दोन उत्तरांपैकी खरे कोणते, असा निवाडा मागणारे पुष्कळ आहेत. शांततावादी बोनहोफरच्या शेवटच्या पाच वर्षांकडे डोळेझाक करतात, आणि युद्धाचे समर्थक त्याच पाच वर्षांचा दाखला देऊन हवे ते युद्ध न्याय्य ठरवितात. मला वाटते, दोघेही तेगेलमधून बाहेर पडण्याची घाई करीत आहेत. फ्रान्झने सैन्यात गेलेल्या आपल्या शेजाऱ्यांना कधी दूषण दिले नाही. बोनहोफरने आपल्या कृत्याला कधी निर्दोष म्हटले नाही. आपली बाजू खरी ठरावी हा आग्रह दोघांनीही सोडला होता. युद्धाच्या काळात प्रत्येक पक्षाला सर्वांत अधिक निकड असते ती आपण बरोबर आहोत या दाखल्याची, आणि राजे, बिशप, पंडित सारे तो दाखला लिहून देण्यास तत्पर असतात. शिष्य तो, जो या दाखल्यावाचून चालू शकतो.

परंतु त्याची किंमत शिष्याने एकट्याने दिली असेही म्हणता येत नाही. 1946 मध्ये लिंट्झच्या धर्मप्रांताच्या पत्रात फ्रान्झवर लेख यावयाचा होता. बिशपांनी तो थांबविला, कारण त्यांच्या मते खरे वीर ते, जे कर्तव्य म्हणून लढले आणि मेले. फ्रान्झिस्काला युद्धविधवेचे पेन्शन 1950 पर्यंत नाकारण्यात आले. गावात कित्येक लोक तिलाच बोल लावीत, की हिच्या देवधर्माच्या वेडाने नवरा गेला. तिने शेत केले, मुली वाढविल्या आणि कोणाशी वाद घातला नाही. 1997 साली बर्लिनच्या न्यायालयाने त्याची शिक्षा रद्द केली, आणि 26 ऑक्टोबर 2007 रोजी लिंट्झच्या कॅथेड्रलमध्ये त्याला धन्य म्हणून घोषित करण्यात आले. तेव्हा चौऱ्याण्णव वर्षांची फ्रान्झिस्का आपल्या मुलींसह तेथे बसली होती. ‘लवकर या’ अशी पाटी धरून उभ्या राहिलेल्या त्या मुली आता सत्तरीच्या घरात होत्या.